स्पर्धा कोणत्या गावी भरवाव्यात?

शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस जवळ आले की आमच्या सीमाभागातील मुख्याध्यापकांच्या बैठकीत एक प्रश्न हटकून निघतो : यंदा स्पर्धा कोणत्या गावी भरवायच्या? चहा येतो, कोणी आपल्या गावच्या मैदानाची थोरवी सांगतो, कोणी भोजनाची हमी देतो, आणि घटकाभरात निर्णय होऊन जातो. आम्हीही कित्येक वर्षे या निर्णयाला मान डोलावीत आलो होतो. पण एका वर्षी त्याची किंमत आमच्याच शाळेतील एका मुलीने मोजली, आणि तेव्हापासून या प्रश्नाकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली.

त्या वर्षी निवडलेले मैदान खरोखरच उत्तम होते. सपाट, प्रशस्त, कडेला झाडांची सावली. अडचण एवढीच, की ते गाव आमच्यापासून तीसेक किलोमीटर आडवाटेला होते आणि संध्याकाळनंतर तेथून परतीची बस नव्हती. आमच्या शाळेच्या नऊ मुली निवडल्या गेल्या होत्या. पाच घरांतून निरोप आला, "गुरुजी, रात्री पोरीला कुठं ठेवू?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. चौघी गेल्या. जी गेली नाही, तिच्याइतके वेगाने धावणारे मूल आमच्या उभ्या नोकरीत आम्ही पाहिलेले नाही. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, घरी धाकटी भावंडे. पुढल्या वर्षी ती शाळेतच नव्हती.

यजमान गाव ठरविताना आपण मैदान पाहतो, निवास पाहतो, पाहुण्यांच्या व्यासपीठाचीही व्यवस्था पाहतो. परंतु त्याच वेळी, नकळत, स्पर्धेला कोण येऊ शकेल आणि कोण येऊ शकणार नाही याचीही यादी आपण करीत असतो. तालुक्याच्या स्पर्धेला जे लागू, तेच राज्याराज्यांच्या स्पर्धांनाही लागू आहे. आमच्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण त्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

राष्ट्रीय क्रीडास्पर्धा २०१५ साली केरळात झाल्या. त्यानंतरचा मान गोव्याचा होता आणि स्पर्धा २०१६ साली व्हावयाच्या होत्या. त्या झाल्या नाहीत. तारखा ठरत गेल्या, पुढे जात राहिल्या. २०१९ साली लोकसभेची निवडणूक आडवी आली, २०२० साली महामारी. अखेर छत्तिसाव्या स्पर्धा २०२२ साली गुजरातेत सहा शहरांतून पार पडल्या, आणि गोव्याच्या वाट्याला सदतिसाव्या आल्या. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी मडगावजवळ फातोर्ड्याच्या मैदानावर त्यांचे उद्घाटन झाले. सरकारी कागदांवर हा केवळ विलंब ठरतो. मात्र २०१६ साली जे मूल तेरा वर्षांचे होते, ते २०२३ साली विशीचे झाले होते. स्पर्धेच्या तारखा पुढे ढकलता येतात, मुलांची वये ढकलता येत नाहीत.

असे असले तरी गोव्याने जे अखेर केले, त्याचे आम्हांस कौतुक वाटते. सारा गोवा मिळून क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या साडेचौदा लाख. आमचा एकटा बेळगाव जिल्हा लोकसंख्येने त्याच्या तिपटीहून मोठा. एवढ्याशा राज्याने दहा हजारांवर खेळाडू, त्रेचाळीस क्रीडाप्रकार आणि अठ्ठावीस क्रीडास्थाने सांभाळली. एकाच शहरात अवाढव्य क्रीडानगरी उभारण्याच्या फंदात न पडता पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा आणि वास्को अशा पाच ठिकाणी खेळ वाटून दिले. गोल्फ आणि सायकलींच्या धावपट्टीवरील शर्यतींसाठी आवश्यक ती सोय नव्हती, म्हणून ते खेळ सरळ दिल्लीला पाठविले. यात कोणाला उणेपणा दिसेल. आम्हांला त्यात घर चालविणाऱ्या गृहिणीचे शहाणपण दिसते. पंधरा दिवसांच्या पाहुण्यासाठी कोणी नवा मजला चढवीत नाही.

शिवाय पूर्वीचे बांधकामही कामी आले. पोर्तुगीज भाषक देशांच्या 'लुसोफोनिया' स्पर्धा जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात झाल्या होत्या. त्या वेळी ज्या बांबोळीच्या मैदानावर परदेशी धावपटू धावले, तेथेच नऊ वर्षांनी आपल्या देशातील मुले-मुली धावली. एक दिवस रजा टाकून, चोर्ला घाट उतरून, दोन विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासह आम्हीही तेथे गेलो होतो. तांबड्या कृत्रिम धावपट्टीकडे बराच वेळ पाहून एका मुलाने विचारले, "गुरुजी, हिच्यावर अनवाणी पळलं तर भाजतं काय हो?" त्याने त्या दिवसापर्यंत काळ्या मातीवाचून दुसरी धावपट्टी पाहिली नव्हती.

त्या स्पर्धांत ८० सुवर्णांसह २२८ पदके मिळवून महाराष्ट्र पहिला आला. १९९४ साली पुण्याच्या स्पर्धांत हा मान मिळाला होता, त्यानंतर थेट २०२३ साली. आमच्या घरांतून त्या बातमीचे स्वागत कसे झाले असेल, हे सीमाभागातील वाचकांना सांगावयास नको. पण आमच्यासोबत आलेली ती दोन मुले उद्या जिंकत जिंकत तेथवर गेलीच, तर त्यांच्या छातीवर कर्नाटकाचे नाव असेल. असो. धावपट्टीला भाषा नसते, आणि मैदानावर पोहोचणे हेच मुळात अवघड आहे.

पुण्याचा उल्लेख आलाच आहे, तर म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीविषयी दोन शब्द लिहिणे योग्य होईल. ती १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारली गेली. त्यानंतर चौदा वर्षांनी, ऑक्टोबर २००८ मध्ये, राष्ट्रकुल युवा स्पर्धांचे यजमानपद पुण्याला लाभले, तेव्हा तीच क्रीडानगरी उपयोगी पडली. इंडोनेशियातही असेच घडले. २०१८ च्या आशियाई स्पर्धांसाठी प्रथम व्हिएतनामच्या हनोई शहराची निवड झाली होती. खर्च झेपणार नाही, असे सांगून त्या देशाने २०१४ साली अंग काढून घेतले. मग जाकार्ता आणि पालेंबांग ही शहरे पुढे आली. जाकार्ताजवळ १९६२ च्या आशियाई स्पर्धांचे मैदान होते. पालेंबांगमध्ये त्या देशाच्या २००४ च्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या होत्या. जुने मैदान सांभाळून ठेवणाऱ्याच्या दारी पाहुणा ऐन वेळी आला तरी धांदल उडत नाही.

त्याच जाकार्तात २०१८ साली बेळगाव तालुक्यातील तुरमुरी गावच्या मलप्रभा जाधव हिने कुराश या कुस्तीच्या प्रकारात ५२ किलो गटात कांस्यपदक मिळविले. याच बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पुरी केली होती आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला होता. म्हणजे आमच्या मातीत दम नाही, असे कोणी म्हणू नये. प्रश्न मधल्या वाटेचा आहे. निपाणीकडील मुलाला केंद्र, तालुका, मग चिकोडी शैक्षणिक जिल्हा, आणि पुढे विभाग व राज्य अशा पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीचे गाव वेगळे, आणि प्रत्येक गावी बस वेगळी.

ती मुलगी शाळेतून गेली त्याच्या पुढल्या वर्षी आम्ही बैठकीत उभे राहून यजमानपद मागून घेतले. काहींनी भुवया उंचावल्या, कारण आमचे मैदान उताराचे आणि लहान. परंतु शाळा बसथांब्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. चारशे मीटरची धावपट्टी आखावयाची तर सुमारे १८० मीटर लांब जागा लागते. ती आम्ही आणणार कोठून? म्हणून दोनशे मीटरची आखली : ४० मीटरच्या दोन सरळ बाजू आणि उरलेले १२० मीटर दोन अर्धवर्तुळांत. चार पट्ट्यांसाठी ९० मीटर लांब व ५० मीटर रुंद जागा पुरते. आमच्या पी.टी. मास्तरांनी खुंटी आणि सुतळी घेऊन दोन दिवस त्या अर्धवर्तुळांत घातले. सुतळी ओली झाली की आखडते आणि पट्टी खोटी पडते, हे ज्ञान आम्हांस तेव्हा झाले. शाळा सुधारणा समितीने रोलर मिळविला. उतार पुरता गेला नाही, तो शेवटपर्यंत थोडा राहिलाच. फक्की मारून झाली त्या रात्री पाऊस पडला आणि पहाटे सगळी आखणी पुन्हा करावी लागली.

कार्यक्रमपत्रिका मात्र आम्ही उलट्या बाजूने लिहिली. आधी शेवटच्या बसची वेळ मांडली, ती सहा वाजून दहा मिनिटांची होती, आणि तेथून मागे मोजीत आलो. मुलींच्या शर्यती सकाळीच घेतल्या. प्रमुख पाहुण्यांचे भाषण दुपारच्या जेवणाआधी ठेवले, त्यामुळे ते आपोआप आवरते झाले. एका खोलीला आतून कडी बसवून ती मुलींना कपडे बदलण्यासाठी दिली. मैदानापेक्षा या कडीचीच चौकशी पालकांनी अधिक केली. त्या वर्षी आमच्या शाळेतून निवडलेल्या अकराही मुली मैदानावर उतरल्या. पदक एकच मिळाले, तेही गोळाफेकीत.

पाऊण तास अगोदर बक्षिसे वाटून झाली होती. तरी शेवटच्या बसला काही मुली मागे राहिल्याच, कारण रिलेची काठी कोणाच्या दप्तरात गेली ती सापडेना. कंडक्टरने पाच मिनिटे गाडी थांबविली. येत्या बैठकीची सूचना परवाच आली आहे. कोणकोणत्या गावांहून संध्याकाळी परतीची बस आहे, ते आम्ही आगारात जाऊन वहीत उतरवून आणले आहे.