अंगावरचं कोड आणि पोपची प्रवचनं

आम्हाला स्विंडनला येऊन अकरा वर्षं झाली. लंडनच्या पश्चिमेला रेल्वेने साधारण तासाभरावरचं हे गाव, एकेकाळी रेल्वेच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध. आता रविवारच्या मिस्साला गेलात तर आजूबाजूला कोकणी ऐकू येते, कारण पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले गोव्याचे लोक इथे भरपूर. आम्ही वसईचे. घरात कादोडी बोलतो, लिहितो मराठीत.

दोन वर्षांपूर्वी चर्चमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी एक अभ्यासगट सुरू झाला. विषय होता पोप जॉन पॉल दुसरे यांची ‘थिऑलॉजी ऑफ द बॉडी’. मी फार उत्सुक नव्हते. मला सोळाव्या वर्षापासून कोड आहे. दोन्ही हात, मान, ओठांच्या कडा. आईने तेव्हापासून लांब बाह्यांचेच कपडे शिवून घेतले. स्थळं यायची, चहा व्हायचा, मग निरोप यायचा, ‘मुलगी चांगली आहे, पण...’ शेवटी सगळं पाहून ‘हो’ म्हणणारा नवरा भेटला, तरी बाह्या काही आखूड झाल्या नाहीत. इथल्या थंडीत ते खपूनही जायचं.

ही प्रवचनं पोपनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या भेटीत दिली, १२९ वेळा! मे १९८१ मध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा मध्ये काही महिने खंड पडला. भाषा अवघड आहे, आणि एकच मुद्दा पुन:पुन्हा येतो. आमच्यातले दोघं तिसऱ्या आठवड्यातच गळाले. लोकांना यातला फक्त शेवटचा, संततिनियमनाबद्दलचा भाग ठाऊक असतो आणि त्यावरच वाद होतात. मला धरून ठेवलं ते सुरुवातीच्या भागाने. घरी येऊन मी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’मधून उत्पत्तीचे पहिले अध्याय वाचायचे. आपल्या मराठीत वाचलं की आदाम-एवा शेजारचेच वाटतात.

पोप म्हणतात ते माझ्या शब्दांत असं: शरीर म्हणजे आत्म्यावर चढवलेलं खोकं नव्हे. आतला माणूस दिसतो तो शरीरातूनच. आणि हे शरीर दान म्हणून मिळालंय, दुसऱ्यासाठी देता यावं म्हणून. प्रेमाच्या उलट काय, तर द्वेषापेक्षाही ‘वापर’, म्हणजे माणसाला वस्तूसारखं तपासणं. हे ऐकल्यावर मला ते चहाचे कप आठवले. नंतर अडकले ते दुसऱ्याच जागी. जे आपलं मानलंच नाही, ते देणार कसं?

मी केअर होममध्ये काम करते. म्हाताऱ्यांना अंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं. हातमोजे असतातच, पण गरज नसतानाही मी ते काढत नसे. एका आजींना स्मृतिभ्रंश आहे. त्यांचा हात धरून बसायचं असलं की मी एक दिवस मोजे काढले. त्यांनी माझ्या पांढऱ्या डागांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘नकाशा आहे का हा?’ मी म्हटलं, ‘हो, वसईचा.’ आता रोज विचारतात, रोज तेच उत्तर.

फादरनी गेल्या वर्षी विचारलं, आजारी लोकांच्या घरी कम्युनियन घेऊन जाशील का? मी एक आठवडा मागून घेतला. खरं सांगायचं तर विश्वासाबद्दल शंका नव्हती, हातांबद्दल होती. कोड संसर्गजन्य नाही हे मला माहीत आहे, पण समोरच्याला माहीत असेलच असं नाही ना! तेव्हा जॉन पॉल यांची शेवटची वर्षं आठवली. पार्किन्सनने थरथरणारे हात, अडखळणारे शब्द, आणि हे सगळं त्यांनी जगासमोर राहू दिलं. माझ्यासाठी सगळी १२९ प्रवचनं त्या हातांत आहेत.

आता रविवारी मिस्सानंतर पाच घरं करते. एका घरी चहा सक्तीचा असतो. दुसऱ्या घरच्या काकांनी पहिल्याच दिवशी डागांबद्दल सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं, मग विषय क्रिकेटवर गेला.

येत्या डिसेंबरात मामेबहिणीच्या लग्नाला वसईला जायचंय. मावशीचा फोन होता, ‘ब्लाऊजचं माप पाठव गं, बाही किती ठेवू?’ चार इंच सांगितलंय. ती जरा वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘बरं, कापड कमी लागेल.’