शर्यत रविवारी आहे!

सणाची खरी मौज सणाच्या दिवशी नसते, आदल्या आठवड्यात असते, हे वाचकांना मी काय सांगावे? लाडू ताटात पडेपर्यंत त्याची अर्धी गोडी वासानेच संपवलेली असते. हौशी नाटकमंडळींना विचारा. प्रयोग तीन तासांचा. पण जन्मभर आठवतात त्या तालमी. तशाच एका तालमीची हकीकत आज सांगायची आहे. मात्र ही तालीम नाटकाची नव्हे, मोटारींच्या शर्यतीची आहे. मोटारी आहेत १९६७ सालच्या, रस्ता आहे जर्मनीतला, आणि शर्यत करणारी मंडळी बसली आहेत आपापल्या घरी, टेबलाशी, संगणकापुढे!

माझा भाचा पुण्याला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. वय छत्तीस, पदरी एक शाळकरी मुलगी. त्याच्या टेबलाला मोटारीचे खरेखुरे वाटावे असे एक स्टिअरिंग पक्के कसलेले आहे आणि खाली पायाशी क्लच, ब्रेक व ॲक्सिलरेटर अशी तीन पेडल्स. कानाला हेडफोन लावून तो त्या टेबलाशी बसला, की माझी बहीण म्हणते, “बसला आमचा बाळ खेळण्यांपाशी!” यंदा नवरात्र संपल्यापासून त्याच्या तोंडी एकच विषय आहे : “मामा, रविवारी शर्यत आहे.” कुठला रविवार, म्हणून विचारावे तर दिवाळीच्या पुढचा! महिनाभर आधीपासून एवढे घोकण्यासारखे त्यात आहे तरी काय, हे पाहावे म्हणून मी एका शनिवारी मुद्दाम त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो.

पडद्यावरचे १९६७ साल

या खेळाचे नाव ‘ग्रां प्री लेजंड्स’. अमेरिकेतल्या पपायरस या कंपनीने तो १९९८ साली बाजारात आणला. डेव्हिड केमर हा त्याचा प्रमुख कर्ता. इतर खेळांत बटण दाबावे आणि मोटार सुटावी. केमरने तसे केले नाही. मोटारीचे वजन पुढच्या-मागच्या चाकांवर कसे सरकते, टायर रस्त्याला कुठवर धरतो आणि कुठे सोडतो, याचे गणित त्याने संगणकाला घालून दिले. परिणाम असा, की हौसेने खेळ विकत आणलेला माणूस पहिल्याच वळणावर गिरकी खाऊन उलट तोंडाने उभा! बाजारात खेळ फारसा चालला नाही. पण ज्यांना तो चिकटला, त्यांना तो आजतागायत सुटलेला नाही. हौशी लोकांनीच पुढे त्यात नवे रस्ते घातले, नव्या मोटारी घातल्या, चित्रे सुधारली.

आणि १९६७ सालच का? तर मोटारशर्यतीच्या इतिहासात ते एक सांध्याचे वर्ष होते. तीन लिटरची इंजिने नुकतीच आली होती. बळ वाढले होते. पण मोटारीला रस्त्यावर दाबून धरणारे पंख अजून यायचे होते. ते आले १९६८ साली. त्या वर्षीची नवी लोटस ४९ ही मोटार घ्या. वजन जेमतेम पाचशे किलो आणि इंजिन चारशे अश्वशक्तीचे! ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधल्या झांडफोर्टला ती प्रथमच शर्यतीत उतरली आणि जिम क्लार्कने त्याच दिवशी ती जिंकून दाखवली. अशी मोटार वळणावर नेहमी थोडी तिरपी, घसरतच जायची. स्टिअरिंगने ती वळवायची खरी; पण ताब्यात ठेवायची ती ॲक्सिलरेटरवरच्या पायाने. पाय घाईने उचलला तरी गिरकी, जोराने दाबला तरी गिरकी. तबल्यावरच्या बोटाला जशी समज लागते, तशी त्या पायाच्या अंगठ्याला लागते.

पावणेदोनशे वळणांची वाट

या मंडळींची येती शर्यत न्यूर्बुर्गरिंगची. जर्मनीतल्या आयफेल डोंगरांत १९२७ साली तयार झालेला हा शर्यतीचा रस्ता. तिथली एक फेरी जवळपास २२.८ किलोमीटरची, वळणे सुमारे पावणेदोनशे, आणि तळापासून माथ्यापर्यंतचा चढ तीनशे मीटरच्या आसपास. एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला पाऊस, असेही तिथे घडते. फ्लूगप्लात्स म्हणजे विमानतळ असे नाव असलेल्या उंचवट्यावर मोटारीची चाके खरोखरच जमीन सोडतात. फुक्सरोहर म्हणजे कोल्ह्याचे बीळ. तिथे रस्ता झाडीतून सुसाट खाली उतरतो. कारुसेल या वळणाच्या आतल्या कडेला काँक्रीटचा उतरता चर आहे. त्यात चाके घालून रहाटपाळण्यासारखे वळायचे असते.

हे सारे पाठ करावे लागते. भाचा डोळे मिटून मला एक फेरी म्हणून दाखवू लागला : “डावे, उजवे, चौथा गिअर, उंचवट्याआधी सरळ, इथे पाय उचलायचा नाही...” मी मराठीचा मास्तर. मला आठवण झाली ती घनपाठ्यांची! फरक एवढाच, की इथे अक्षर चुकले तर प्रायश्चित्त झाडावर आदळून घ्यावे लागते.

खऱ्या शर्यतीची तारीख ६ ऑगस्ट १९६७. फेऱ्या पंधरा. सर्वांत पुढची जागा क्लार्कने मिळवली होती. त्याच्या सरावातल्या उत्तम फेरीची वेळ ८ मिनिटे ४.१ सेकंद. पण शर्यतीत त्याची लोटस थोड्याच फेऱ्यांत मोडून बसली. मग अमेरिकन डॅन गर्नी त्याची ईगल मोटार घेऊन पुढे गेला. असा गेला, की आता याला कोणी गाठत नाही असे सर्वांना वाटावे. शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या आणि त्याच्या मोटारीचा मागच्या चाकाला फिरवणारा दांडा तुटला. पहिला आला तो डेनी हल्म, आणि दुसरा त्याचा मालक जॅक ब्रॅबहम. हल्म हा न्यूझीलंडचा, अबोल गडी; एके काळी ब्रॅबहमच्याच गॅरेजात तो मेकॅनिक होता. त्यांच्या मोटारीचे इंजिन रेप्को या ऑस्ट्रेलियन कंपनीचे; लोटसच्या मानाने अशक्त, पण सरळ स्वभावाचे आणि टिकाऊ. वर्षअखेर जगज्जेतेपदही हल्मलाच मिळाले.

चिठ्ठ्या आणि चर्चा

इतके सांगितल्यावर भाच्याच्या मंडळातला खल वाचकांच्या ध्यानात येईल. मंडळी चौदा. हॉलंडमधला एक निवृत्त आगगाडीचालक, स्कॉटलंडमधला घड्याळे दुरुस्त करणारा, ब्राझीलमधला शाळामास्तर, जर्मनीतले दोघे भाऊ, असा सारा गोतावळा. नऊ वर्षे दर पंधरवड्याला एकत्र शर्यती केल्या. पण एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेले बहुतेकांनी नाही. वर्षातून एकदाच पुऱ्या पंधरा फेऱ्यांची शर्यत होते. कुणी कोणती मोटार घ्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरते. भाच्याच्या वाट्याला यंदा ब्रॅबहम आली.

“वाईट वाटले का रे?” मी विचारले.

“आधी वाटले. सर्वांनाच लोटस हवी असते. पण मामा, तुम्हीच सांगा, दोन तास टिकायचे आहे. वेगाची मोटार बरी, की भरवशाची?”

हाच तो महिनाभराचा वाद. स्कॉटलंडकराला लोटस मिळाली आहे. त्याचे म्हणणे, पहिल्या पाच फेऱ्यांत इतके पुढे जायचे की मागच्यांचा धीर सुटावा. हॉलंडचे आजोबा म्हणतात, पोरा, टाकी काठोकाठ भरलेली असताना मोटार पोत्यासारखी जड असते. पहिल्या पाच फेऱ्यांत शहाण्याने जीव सांभाळावा. ब्राझीलचा मास्तर रोज आपल्या सरावाच्या फेरीची वेळ सर्वांना कळवतो, आणि ती खरी की धाक घालायला सांगितलेली, यावर इतरांची चर्चा रंगते. शर्यत दोन तासांची. पण तिच्यावर महिन्याभरात जेवढे बोलणे झाले, तेवढ्यात एखादी साहित्य परिषद उरकली असती.

यंदा नियम कडक आहेत. मोटार मोडली की घरी. पुन्हा नवी घेऊन सुरुवात करायची सोय नाही. बाराव्या फेरीला एक चाक गवतात गेले, तरी महिन्याचा सराव मातीत. आणि इथे एक मोठी विलक्षण अडचण आहे. प्रत्येकाच्या मोटारीची खबर तारांतून समुद्रापार यायला सेकंदाचा काही अंश लागतो. तेवढ्यात मोटार पाचदहा मीटर पुढे गेलेली असते. म्हणून संगणक अदमासाने तिला पडद्यावर दाखवतो. म्हणजे शेजारी दिसणारा गडी नेमका तिथे असेलच असे नाही! तेव्हा वळणावर हातभर जागा जास्त सोडायची, पहिल्या वळणावर कुणी घुसायचे नाही, मागचा वेगवान असेल तर त्याला वाट द्यायची. हा सारा मामला शब्दावर चालतो. “समोरचा दिसतो तिथे नसतो, पण तो कसा वागेल हे मला ठाऊक असते,” भाचा म्हणाला. नऊ वर्षांची मैत्री म्हणजे दुसरे काय असते?

मरण वजा केले तर

तरीही एक प्रश्न मला सुटत नव्हता. त्या काळच्या चालकांनी पट्टे बांधलेले नसत. रस्त्याच्या कडेला झाडे, कुंपणे, खड्डे. ७ मे १९६७ रोजी मोनॅकोच्या शर्यतीत लोरेन्झो बांदिनीची फेरारी उलटून पेटली आणि तीन दिवसांनी तो गेला. पुढचे साल तर काळरात्रीचेच. एप्रिल १९६८ मध्ये खुद्द जिम क्लार्क होकनहाइमला गेला. मे महिन्यात माइक स्पेन्स, जूनमध्ये लुदोव्हिको स्कारफिओत्ती, जुलैमध्ये जो श्लेसर. चार महिने, चार माणसे! १९६६ साली बेल्जियमच्या स्पा येथे जॅकी स्टुअर्ट पावसात घसरून पेट्रोलने भिजलेल्या मोटारीत अडकून पडला होता. त्याला सोडवायला पाना लागला, तो एका प्रेक्षकाच्या मोटारीतून मागून आणावा लागला! पुढे स्टुअर्टने पट्टे, डॉक्टर, कठडे यांसाठी वर्षानुवर्षे भांडण मांडले आणि भित्रा म्हणून टोमणेही ऐकले. न्यूर्बुर्गरिंगच्या या जुन्या रस्त्यावर १९७६ साली निकी लाउडा भाजला, आणि त्यानंतर तिथे ती शर्यत पुन्हा झाली नाही.

ज्या रस्त्यावर माणसे अशी गेली, त्याच रस्त्याचा खेळ करायचा, कॉफी पीत पीत? मी हे भाच्याला सरळ विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, आमच्यातले चांगले खेळणारे इथे आठ मिनिटांच्या आत फेरी मारतात. म्हणजे क्लार्कच्याही आत. पण त्यावरून कुणी बढाई मारत नाही. आम्ही महिन्यात दोनदोनशे फेऱ्या मारतो. त्याला वर्षाकाठी पंचवीस-तीस तरी मिळत असतील का? आणि आम्ही झाडावर आदळलो तर चहा करायला उठतो.”

मला वाटते, उत्तर यातच आहे. पानिपतावरच्या नाटकात विश्वासरावाचे काम करणारा मुलगा प्रयोग संपल्यावर पिठले-भात खायला घरी जातो. म्हणून त्याने विश्वासरावाची थट्टा केली असे आपण म्हणत नाही. उलट त्या भूमिकेसाठी महिनाभर घाम गाळल्यावर विश्वासराव म्हणजे कोण, हे त्याला वर्गातल्या मुलांपेक्षा अधिक कळलेले असते. मरण वजा केले तर शौर्य उरत नाही, हे खरेच. पण कसब उरते, सचोटी उरते. आणि जे गेले त्यांनी काय केले होते, ते किती अवघड होते, याची पायाच्या अंगठ्याला पटलेली खूण उरते. हल्म त्या दिवशी पंधरा फेऱ्या करून उतरला, तेव्हा दोन तास सहा मिनिटे लागली होती. ती दोन तास सहा मिनिटे म्हणजे काय, हे पुण्यातल्या माझ्या भाच्याला माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले ठाऊक आहे.

माझ्या बहिणीची तक्रार मात्र मिटलेली नाही, आणि ती सर्वस्वी चूक आहे असेही मी म्हणणार नाही. मुलीचा गृहपाठ राहतो, रविवारची भाजी राहते. म्हणून या खेपेला सूनबाईंनी करार करून घेतला आहे : शर्यतीच्या आधीचे दोन दिवस टेबलाला हात लावायचा नाही, आणि फराळाचे डबे नातेवाइकांकडे पोचवायचे काम त्याचे. कराराची बातमी मंडळात गेली, तेव्हा हॉलंडच्या आजोबांनी कळवले, की शर्यतीआधी दोन दिवस विश्रांती ही उत्तमच. त्यांच्याकडेही असाच करार झाला आहे म्हणे!

तर मंडळी तयार आहेत. रविवारी रात्री आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतील. जर्मनीत संध्याकाळचे सात, ब्राझीलमध्ये दुपारचे तीन. मुलगी झोपलेली असेल, म्हणून हेडफोन सक्तीचा. स्कॉटलंडकर पहिल्या रांगेत असणार, यात शंका नाही. भाच्याने आपली बेरीज करून ठेवली आहे : पहिल्या पाच फेऱ्यांत फक्त टिकायचे, दहाव्यापर्यंत सहावा नंबर, आणि मग पाहू. लोटस मोडते की नाही, यावर सारे अवलंबून. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा रविवार उजाडायचा असेल. निकाल काय लागेल तो लागो. मी मात्र त्या रात्री जागा राहणार आहे; कारण भाच्याने बजावले आहे, “मामा, तुमची खुर्ची ठेवली आहे. पण फेरी चालू असताना प्रश्न विचारायचे नाहीत!”