कामाचा रकाना

सरकारी दवाखान्यात नव्याने येणाऱ्या माणसाला डॉक्टरांच्या आधी एका टेबलापाशी थांबावं लागतं. नाचियारकोविलच्या पंचक्रोशीतल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या टेबलामागे बसलेली मुलगी समोर येईल त्याला विचारत होती, "पुदुसा, पळसा?" नवीन की जुनं? जुनं असेल तर वही पुढे करायची, नंबर सांगायचा आणि बाकावर जाऊन बसायचं. नवीन असेल तर मात्र सगळं पहिल्यापासून. आपल्याकडे केसपेपर काढतात, तशी इकडे 'ओपी सीट्टु' काढतात. पैसे द्यावे लागत नाहीत, पण उत्तरं बरीच द्यावी लागतात.

मी आत्याला घेऊन गेलो होतो. ती तंजावरकडच्या मराठी घरात दिलेली. आयुष्य चेन्नईत गेलं आणि आता मुलाकडे, कुंभकोणम-तिरुवारूर रस्त्यावरच्या या गावात राहायला आलेली. बीपी आणि शुगरच्या गोळ्या संपत आल्या होत्या. पिशवीत जुनी चिठ्ठी, गोळ्यांची रिकामी पाकिटं, आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स असा सगळा ऐवज होता.

पहिला अडथळा नावाचा. महाराष्ट्रात नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन घरं भरून टाकली की काम संपतं. इकडे आडनावच नाही. नावाआधी एक-दोन आद्याक्षरं, गावाचं आणि वडिलांचं. दक्षिणेत स्थिरावलेल्या मराठी घरांनीही हीच पद्धत उचलली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. त्यांच्या नावातला 'टी' तंजावरचा. आत्याच्या आधारवर माहेरच्या पद्धतीचं लांब नाव, रेशनकार्डावर नुसतं आद्याक्षर आणि नाव, चेन्नईच्या चिठ्ठीवर तिसराच क्रम. टेबलावरच्या मुलीने तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले, आधारवरचं नाव घेतलं आणि कंसात नेहमीचं नाव लिहिलं. तो कंस मला फार महत्त्वाचा वाटला. सहा महिन्यांनी कुणी दुसऱ्या नावाने शोधलं तर आत्या सापडणार ती त्या कंसामुळेच.

मग वय. आमच्यापुढे उभ्या असलेल्या आजीबाईंना ते सांगता येईना. आधारवर एक जानेवारी ही तारीख होती. जन्मतारीख माहीत नसलेल्या कितीतरी माणसांच्या कार्डांवर ती असते. मुलीने वर्ष विचारलंच नाही. "पाट्टी, ऐंशीच्या महामहमला तुमची मुलं केवढी होती?" असं विचारलं. कुंभकोणमचा महामहम हा स्नानाचा उत्सव बारा वर्षांनी येतो: १९८०, १९९२, २००४, २०१६. या भागातल्या बायकांचं आयुष्य त्या टप्प्यांवर नीट लागतं. थोरली शाळेत जात होती, धाकटा कडेवर होता, असं करत करत वय ठरलं, आणि ते कार्डावरच्या वयापेक्षा चांगलंच जास्त निघालं. औषधाची मात्रा ठरवताना हा फरक किरकोळ नसतो.

मोबाईल नंबर आणि आभा क्रमांक हे तिसरं. आभा म्हणजे चौदा अंकी आरोग्य खातं. २७ सप्टेंबर २०२१ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा तो पाया. एका दवाखान्यातली नोंद रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे दिसावी, ही त्यामागची कल्पना मला मनापासून पटते. आत्यासारख्या गाव बदलणाऱ्या माणसाला तर तिचीच गरज. पण आत्याचं आधार जोडलेलं होतं चेन्नईतल्या नातवाच्या फोनला. ओटीपी त्याला गेला, तो क्लासमध्ये होता, आणि इकडे रांग खोळंबली. शेवटी मुलीने तेवढं राहू दिलं आणि साध्या नोंदीवर काम भागवलं. तिने तसं केलं नसतं तर आत्या त्या दिवशी गोळ्यांविना परतली असती.

चौथा रकाना कामाचा. तो सगळ्यांत भरभर भरला जात होता. "वेलै?" असं विचारलं की बाया सांगत "वीट्टुल", घरीच, आणि पुरुष सांगत "कूलि". मजुरी. आमच्यामागच्या माणसानेही तेच सांगितलं. काल संध्याकाळपासून ताप, थंडी वाजतेय, अंग मोडून आलंय. चिठ्ठीवर ताप लागला, पुढे 'कूलि' लागलं, आणि तो बाकावर आमच्या शेजारी येऊन बसला. त्याच्या दोन्ही हातांवर, कोपराखाली, तांदळाएवढे जुने पांढरे डाग होते.

नाचियारकोविल समयांचं गाव आहे. इथल्या कुत्तुविळक्कु या पितळी समयांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. कावेरीच्या खोऱ्यातल्या बारीक गाळमातीत साचा घेतात, बैठक, खांब, तबक आणि वरचा हंस वेगवेगळे ओततात, कातावर घासतात आणि आट्यांवर फिरवून एकात एक बसवतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांबं वितळतं १,०८५ अंशांना, पण जस्त ९०७ अंशांनाच उकळायला लागतं. म्हणून मुशीतलं पितळ जास्त तापलं की त्यातलं जस्त वाफ होऊन निघतं आणि हवेत येताच पांढरा धूर होतो. तो धूर छातीत गेला की काही तासांनी ताप भरतो, हुडहुडी येते, कोरडा खोकला येतो, तोंडाला धातूची चव येते. सहसा एक-दोन दिवसांत उतरतो. रोज भट्टीवर उभं राहणाऱ्याला थोडी सवय होते, सुट्टीत ती मोडते, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ताप उलटतो. पितळ ओतणाऱ्यांचा हा ताप जगभरच्या ओतशाळांना ठाऊक आहे. चिठ्ठीवर नुसतं 'कूलि' असेल तर मात्र तो फ्लू किंवा मलेरियासारखाच दिसतो.

इटलीतला वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर अख्खा ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तू काम काय करतोस? तीनशे वर्षं झाली. प्रश्न छापील अर्जात येऊन बसला, पण उत्तर ऐकून घ्यायला सवड उरली नाही. टेबलावरच्या मुलीला मी दोष देणार नाही. तिच्यापुढे दारापर्यंत रांग होती आणि रकाना बोटभर रुंदीचा.

इथून फार लांब नसलेल्या तंजावरला, सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ दरम्यान, रुग्णाच्या नोंदीचं काम निगुतीने होत असे. त्यांच्या धन्वंतरी महालात उपचार घेणाऱ्यांची टिपणं ठेवली जात. डोळ्यांच्या रुग्णांची हकीकत इंग्रजीत लिहिलेली आहे, सोबत डोळ्यांची चित्रंही आहेत. एका मराठी राजाने दोनशे वर्षांपूर्वी तमिळ मुलखात कागदावर माणूस नीट उतरवून ठेवला, याचा मला अभिमान वाटतो. आपल्या घराण्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी आपण वारंवार सांगतो. ही टिपणंही त्या गोष्टींच्या पंक्तीत बसायला हवीत.

डॉक्टर तरुण बाई होत्या. खोली एकच, पडदा अर्धा, त्यामुळे एकाची तपासणी चालू असताना पुढचे दोघे आतच बसलेले. आमच्याआधी त्या तापाच्या माणसाला बोलावलं. त्यांनी चिठ्ठी वाचली, नाडी धरण्यासाठी त्याचा हात घेतला आणि डागांवर बोट ठेवलं.

"पट्टरै?" कारखाना?

त्याने मान हलवली. आठवडाभर पट्टरै बंद होती, काल भट्टी पेटवली. तोंडाला चव कशी आहे, असं त्यांनी विचारलं. नाणं चोखल्यासारखी, तो म्हणाला. त्यांनी छाती ऐकली, पावसाळा असल्याने रक्ततपासणीही लिहून दिली, कारण ताप डासांचाही असू शकतो. मग पेन घेऊन 'कूलि' खोडलं आणि वर 'पितळ ओतकाम' अशा अर्थाचं काहीतरी तमिळमध्ये लिहिलं. ते लिहायला त्यांना फार तर पाच सेकंदं लागली असतील.

आत्याची पाळी आली तेव्हा जुनी चिठ्ठी त्यांनी बाजूला ठेवली आणि रिकामी पाकिटं मागितली. पाकिटांवरून त्या औषधांची नावं आणि मिलिग्रॅम नव्या वहीत उतरवत गेल्या. एक गोळी आत्या अर्धी घेत होती, चिठ्ठीवर ती पूर्ण होती. तेही लिहून घेतलं. पुढच्या खेपेला उपाशीपोटी या, असं सांगितलं. तमिळनाडूत ऑगस्ट २०२१ पासून 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' ही योजना चालते. तिच्यात बीपी-शुगरच्या रुग्णांना स्वयंसेविका घरी गोळ्या आणून देतात. आत्याचं नाव त्या यादीत घालायचं तर घराचा पत्ता पक्का हवा. आत्याने गल्लीचं नाव सांगितलं, ते दोन गल्ल्यांना लागू होतं.

"खुणेचं काही सांगा, पाट्टी," डॉक्टर म्हणाल्या.

"कल गरुडाच्या देवळामागे, तिसऱ्या पट्टरैला लागून," आत्याने सांगितलं. डॉक्टरांनी पत्ता लिहून घेतला आणि लगेच विचारलं, धूर घरात येतो का, रात्री खोकला येतो का. मग वहीत आणखी एक ओळ वाढली.