पंपापर्यंत किती व्होल्ट पोचतात?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात संध्याकाळी सहज एक चक्कर मारली, तरी वर्गात सांगण्याजोगे एखादे उदाहरण हाती लागते. एके दिवशी आम्ही प्रयोगशाळेसाठी जुन्या मोटारींचे सुटे भाग मिळवायला तेथील एका गॅरेजात गेलो होतो. दारातच एक छोटी लाल मोटार बॉनेट उघडून उभी होती. तिच्या तरुण मालकाने मूळच्या इंजिनावर टर्बो बसवून घेतला होता. जास्त हवेला जास्त पेट्रोल लागते, म्हणून मोठे इंजेक्टर आणि टाकीत मोठा पंपही बसवला होता. गाडी शर्यतीच्या हौसेसाठी होती. (रस्त्यावर चालवायच्या वाहनात असे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची बंधने आहेत, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.)

तक्रार अशी. गावात गाडी झकास चालते. पण चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या पुढे इंजिन गुदमरते, उचल घेत नाही. दिवसा कमी, रात्री जास्त. प्लग बदलले, फिल्टर बदलला, पंपसुद्धा एकदा बदलून झाला. एवढ्यात एका पिस्टनचा माथा वितळून भोक पडले आणि इंजिन उतरवावे लागले. पिस्टन नवा बसला, पण दुखणे तसेच. दुसरा पिस्टन जाण्याआधी कारण सापडायला हवे होते.

मिस्त्रींनी पंपाच्या दोन टोकांना लांब वायरी जोडल्या, त्या मागच्या आसनावरून पुढे आणल्या आणि मल्टिमीटरला लावल्या. बॅटरीवर दुसरा मीटर. पहाटे रस्ता रिकामा असताना जोतिबाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, दिवे आणि पंखा चालू ठेवून गाडी पूर्ण ताणली. शेजारी बसलेल्या मुलाने आकडे लिहून घेतले. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, पंपावर १०.६ व्होल्ट.

कागद आमच्या हाती देत मिस्त्री म्हणाले, “पंप बरा हाय सर, त्याला खायला मिळंना.”

आम्ही ओहमचा नियम वर्षानुवर्षे शिकवतो. तरी ‘इंजिनाला पेट्रोल कमी पडते’ या तक्रारीचे उत्तर व्होल्टमीटरवर शोधावे, हे आम्हाला सुचले नसते.

जुन्या मोटारींत हा प्रश्न नव्हताच. १९८३ साली आलेल्या मारुती ८००च्या सुरुवातीच्या गाड्यांत कार्बुरेटर होता आणि पेट्रोल खेचणारा पडद्याचा पंप इंजिनच हलवत असे. इंजिन जोरात फिरले, की पंपही जोरात. विजेचे काम मुख्यतः ठिणगी पाडण्याचे. शर्यतीच्या कार्टमध्ये आजही बहुधा असाच साधा पंप असतो, इंजिनातल्या दाबाच्या ठोक्यांवर चालणारा. कोल्हापूरजवळच्या कार्टिंग ट्रॅकवर गेलात, तर तो मुद्दाम पाहावा. २०००च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, मोटारींत इंजेक्टर आले आणि पेट्रोलचा पंप टाकीत जाऊन विजेवर चालू लागला. तेव्हापासून इंजिनाची भूक आणि विजेची तार यांची गाठ पडली.

आता १२.४ आणि १०.६ हे दोन आकडे पाहू. दोन्ही कमी आहेत, पण वेगवेगळ्या कारणांनी.

मोटारीच्या बॅटरीत सहा घट असतात. पूर्ण भरलेल्या घटाचा विद्युतदाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणजे बॅटरीचा १२.६. इंजिन चालू असताना अल्टरनेटर (गॅरेजात याला अजून ‘डायनॅमो’च म्हणतात) हा दाब १४ व्होल्टच्या आसपास ठेवतो. इंजिन फिरत असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट दिसले, याचा अर्थ अल्टरनेटर खर्चाला पुरत नाही आणि तूट बॅटरी भरून काढते आहे.

खर्च किती? मोठा पंप १५ अँपिअर, पुढचे दिवे ९, रेडिएटरचा पंखा १२, ठिणगी, इंजेक्टर आणि संगणक मिळून १०, शिवाय हौसेने बसवलेला ध्वनिवर्धक १२. बेरीज ५८ अँपिअर. छोट्या मोटारीचा अल्टरनेटर साधारण एवढ्याच ताकदीचा असतो, आणि तोही थंड व निरोगी असताना. या गाडीचा निरोगी नव्हता. अल्टरनेटरमध्ये तयार होणारा प्रत्यावर्ती प्रवाह सहा डायोडांमधून जाऊन एकदिश होतो. त्यांतला एक डायोड निकामी झालेला निघाला. अशा वेळी चार्जिंग बंद पडत नाही, फक्त लंगडे होते. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मात्र पेटत नाही, पेटलाच तर अगदी मंद. तो दिवा ‘चार्जिंग अजिबात नाही’ एवढेच खात्रीने सांगतो. ‘चार्जिंग अपुरे आहे’ हे सांगणे त्याच्या कुवतीबाहेरचे आहे. मालक मात्र दिवा पेटत नाही, म्हणून निश्चिंत होता.

येथे थोडे विषयांतर. शक्ती वाचवण्यासाठी काहीजण अल्टरनेटरला मोठी पुली बसवून तो मुद्दाम हळू फिरवतात. १४ व्होल्ट गुणिले ५८ अँपिअर म्हणजे सुमारे ८१० वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या आसपास धरली, तर इंजिनावर भार पडतो जेमतेम १३५० वॅट, म्हणजे दोन अश्वशक्तींहूनही कमी. त्यातला थोडासा भाग वाचवायला जाऊन पिस्टन गमवायचा, हा हिशेब आम्हाला तरी पटत नाही.

आता दुसरी तूट. बॅटरीवरचे १२.४ व्होल्ट पंपापर्यंत जाईतो १०.६ झाले. मधले १.८ व्होल्ट कोठे गेले? हे कोडे शेतकऱ्याच्या मुलांना चटकन सुटेल. डीपीपासून लांबवर बारीक तार ओढून विहिरीवर मोटर बसवली, की ‘दाब मिळत नाही’ ही तक्रार पंचगंगेच्या काठी नवी नाही. मोटारीत पंप मागच्या टाकीत आणि बॅटरी पुढे. तारेची लांबी ५ मीटर धरू. मूळच्या लहान पंपासाठी कंपनीने घातलेली तार १ चौरस मिलिमीटर छेदाची आहे, असे मानू. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर. तेव्हा तारेचा रोध ०.०८५ ओहम येतो. इतका क्षुल्लक रोध आपण वर्गात सरळ शून्य धरतो! मूळचा पंप ५ अँपिअर घेत होता, तेव्हा तारेत ०.४ व्होल्ट जात होते. चालून जात होते. नवा पंप १५ अँपिअर घेतो. आता त्याच तारेत जवळजवळ १.३ व्होल्ट जातात. उरलेला अर्धा व्होल्ट रिलेच्या टोकांत, जुनाट जोडात आणि परतीच्या वाटेवर. परतीचा प्रवाह गाडीच्या पत्र्यातून जातो. अर्थिंगची रिंग रंगावरच आवळलेली होती, पत्रा खरवडलेलाच नव्हता.

गंमत अशी, की पंप थांबवून तेच टोक मीटरने तपासले तर पूर्ण दाब दिसतो. प्रवाह नाही, तर रोधात घटही नाही. म्हणून पंप काढून ठेवून वायर ‘तपासणाऱ्या’ आधीच्या कारागिराला ती निर्दोष वाटली होती. बोर्डाच्या परीक्षेत I शून्य असेल तर IR शून्य, हे लिहिणारा विद्यार्थीही कदाचित येथे फसेल.

विद्युतदाब १३.५ वरून १०.६ वर आला, म्हणजे साधारण एकवीस टक्के घटला. तर मग पेट्रोलही एकवीस टक्केच कमी यायला हवे? तसे होत नाही, त्याहून अधिक घट होते. टाकीतला नेहमीचा पंप म्हणजे साधी डीसी मोटर. ती किती अँपिअर घेते हे मुख्यतः पेट्रोल किती दाबाविरुद्ध ढकलायचे यावर ठरते. तिच्या वेटोळ्यांचा रोध ०.२ ओहम मानू. १५ अँपिअरला ३ व्होल्ट वेटोळ्यांतच संपतात. फिरण्यासाठी उरतात आधी १०.५ व्होल्ट आणि आता ७.६. फेऱ्यांचा वेग या उरलेल्या व्होल्टच्या प्रमाणात असतो, म्हणून तो ७२ टक्क्यांवर येतो. शिवाय पंपाच्या आतल्या फटींतून काही पेट्रोल मागे गळतेच. ही गळती दाबावर अवलंबून असते, वेगावर फारशी नाही. पूर्ण वेगाला पंप १०० भाग ढकलतो आणि १५ मागे गळतात, असे धरा. हाती ८५. वेग ७२ टक्के झाला, की ७२ वजा १५, हाती ५७. म्हणजे एकवीस टक्के व्होल्ट कमी झाले आणि पेट्रोल एक तृतीयांशाने घटले. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येक पंपाचे वेगळे असतील, पण तऱ्हा हीच.

मग गावात गाडी झकास का चालते? कारण पंप नेहमी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देतो आणि जास्तीचे दाबनियंत्रक परत टाकीत सोडतो. मंद चालीत एक तृतीयांश घट झाली तरी परत जाणारे पेट्रोलच तेवढे कमी होते, इंजिनाला पत्ता लागत नाही. पूर्ण ॲक्सिलरेटरवर परत जाण्यासारखे काही उरत नाही, आणि नेमकी तेथेच तूट उघडी पडते. टर्बोने तर दुष्काळात तेरावा महिना आणला आहे. इंजेक्टर जेथे फवारा सोडतो तेथली हवाच ०.६ बारने दाबलेली असेल, तर पेट्रोलचा दाबही तेवढाच वाढवावा लागतो. मग पंपाला ताण जास्त, अँपिअर जास्त, म्हणून तारेतली घटही जास्त.

पेट्रोल कमी पडले तर इंजिन नुसते मंदावेल, वितळेल कशाने? एक भाग पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पण पूर्ण जोरात इंजिनाला मुद्दाम जास्त पेट्रोल देतात, साधारण साडेबारा भाग हवेला एक, टर्बो असेल तर त्याहूनही अधिक. हे जादा पेट्रोल वाफ होताना आतला वायू थंड ठेवते. ते मिळाले नाही, तर तापमान चढते आणि ठिणगीने पेटवलेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपणहून भडकते. इंजिन ठोके देऊ लागते. असे काही सेकंद चालले, तरी ॲल्युमिनियमच्या पिस्टनला ते सोसत नाही. विहिरीवर व्होल्टेज कमी पडले तर मोटर जळते. येथे मोटर शाबूत राहते आणि भलताच जळतो.

एक छोटी पुस्ती. इंजेक्टर म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणारी झडप. तिला उघडायला १४ व्होल्टवर साधारण एक मिलिसेकंद लागतो, दाब घटला की जास्त, दीड म्हणू. मंद चालीत अडीच मिलिसेकंदांचा संकेत असेल, तर फवारा दीडऐवजी एकच मिलिसेकंद मिळतो. पूर्ण जोरात संकेत सोळा मिलिसेकंदांचा, तेथे अर्ध्याने फारसे बिघडत नाही. म्हणजे कमी व्होल्टेजमुळे इंजेक्टर मंद चालीत दगा देतो आणि पंप पूर्ण जोरात. गाडीचा संगणक बॅटरीचा दाब पाहून इंजेक्टरची वेळ सुधारून घेतो, पण ती सुधारणा मूळच्या इंजेक्टरसाठी लिहिलेली असते. या लाल गाडीला सिग्नलपाशी मिसिंग मारण्याची खोडही होती, ती बहुधा यामुळेच.

दुरुस्ती साधी निघाली. अल्टरनेटरचे डायोड बदलले. बॅटरीपासून पंपापर्यंत फ्यूज आणि नव्या रिलेमधून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार ओढली. जुनी तार आता फक्त रिले ओढण्याचे काम करते. अर्थिंगखालचा रंग खरवडला. पुन्हा त्याच चढावर बॅटरीवर १३.९ आणि पंपावर १३.४ व्होल्ट मिळाले. नव्या तारेत किती व्होल्ट जातात, ते विद्यार्थ्यांना काढायला सांगावे.

आम्ही गॅरेजातून काच धुण्याचा एक जुना पंप घेऊन आलो. वर्गात पाण्यावर प्रयोग करायला तो उत्तम. पेट्रोलवर मात्र हा प्रयोग कधीही करू नये. १२ व्होल्टची मोटरसायकलची बॅटरी, पाच अँपिअरचा फ्यूज, मीटर आणि मोजपात्र एवढे पुरते. आधी पंप जाड, आखूड तारांनी जोडून वीस सेकंदांत किती पाणी येते ते मोजा. मग दारावरच्या घंटीला वापरतात ती बारीक जोडवायर पाच मीटर मध्ये घालून पुन्हा मोजा. दर वेळी पंपाच्या टोकांवरचे व्होल्ट टिपून ठेवा. पंप कोरडा फिरू देऊ नका. व्होल्ट आणि पाणी यांचा आलेख काढला, तर रेषा आरंभबिंदूतून जाणार नाही. शेवटी नळीचे तोंड बाकाच्या उंचीवर धरून वायर आणखी वाढवत जा. एक वेळ अशी येते, की पंप घरघरत राहतो, मीटर चारपाच व्होल्ट दाखवतो आणि नळीतून एक थेंबही येत नाही.