विश्लेषण : माउस नुसता फिरवला तरी संगणकावर खिडक्या का उघडतात? त्या बंद कशा करता येतील?

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देण्यात आला. आता उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा दाखला असो की शिष्यवृत्तीचा अर्ज, काम होते ते संगणकासमोर बसलेल्या केंद्रचालकाच्या हातून. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. त्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत जातीच्या दाखल्यासाठी ‘आपले सरकार सेवा केंद्रा’त रांग लागते. नेमका त्याच वेळी कर्सर कोपऱ्यात जातो आणि हवामान, क्रिकेट, सिनेमाच्या बातम्यांचा भलामोठा फलक अर्जावर येऊन बसतो. माउस बिघडला किंवा व्हायरस शिरला, अशी शंका येते. बहुतेक वेळा यातले काहीच झालेले नसते.

मग हे होते कशामुळे?

क्लिक न करता कर्सर एखाद्या चिन्हावर क्षणभर थांबला, तर त्याला ‘हॉवर’ म्हणतात. तेवढ्यावर काहीतरी उघडायचे, अशी सोय विंडोज, ब्राउझर आणि संकेतस्थळे तयार करणाऱ्यांनीच करून ठेवलेली असते. वेब पानांच्या सजावटीचे नियम ठरवणाऱ्या ‘सीएसएस २’मध्ये १९९८ पासूनच हॉवरची तरतूद आहे. सुरुवातीला त्याचा उपयोग चिन्हाचे नाव दाखवण्यापुरता, दुव्याचा रंग बदलण्यापुरता होता. पुढे अख्खे फलक उघडू लागले. मोबाइलच्या पडद्यावर बोटाने काम करताना हॉवर हा प्रकार जवळजवळ नसतोच. त्यामुळे मोबाइलवर सरावलेली मुले संगणकावर बसली की जास्त गोंधळतात.

डावा कोपराच का छळतो?

विंडोज ९५ पासून ‘स्टार्ट’चे बटण खाली डाव्या कोपऱ्यात होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ने ते मधोमध नेले आणि रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात हवामानाचे ‘विजेट्स’ बसवले. हात मात्र जुन्या सवयीने तिथेच जातो. केंद्रचालकाला दोष देण्यात अर्थ नाही. पंचवीस वर्षांची सवय एका अपडेटने मोडत नाही.

या फलकातील बातम्या आणि चित्रे इंटरनेटवरून येतात. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालू असेल, तर आधीच तोकड्या नेटवर्कमध्ये हा वाटेकरी परवडणारा नाही.

बंद कसे करायचे?

विंडोज ११मध्ये हवामानाच्या चिन्हावर क्लिक करून फलक उघडा, त्यातील सेटिंग्जमध्ये ‘ओपन विजेट्स बोर्ड ऑन हॉवर’ हा पर्याय बंद करा. यानंतर क्लिक केल्याशिवाय फलक येणार नाही. तो मुळातच नको असेल, तर सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार या वाटेने जाऊन ‘विजेट्स’ बंद करा. त्याच पानावर ‘टास्कबार अलाइनमेंट’ डावीकडे केले की स्टार्टही जुन्या जागी येतो. आमच्या मते दोन्ही एकदमच करून टाकावे.

अनेक केंद्रांत अजून विंडोज १० आहे. तिथे टास्कबारच्या रिकाम्या जागेवर उजवे बटण दाबा, ‘न्यूज अँड इंटरेस्ट्स’मध्ये जाऊन ‘ओपन ऑन हॉवर’ची खूण काढा. (विंडोज १०चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नागरिकांची कागदपत्रे हाताळणाऱ्या संगणकासाठी ती चिंता हॉवरपेक्षा मोठी आहे.)

खिडकी मोठी करण्याच्या बटणावर कर्सर जाताच चौकटींचा नकाशा येत असेल, तर विंडोज ११च्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मल्टिटास्किंग, ‘स्नॅप विंडोज’ येथे मॅक्सिमाइझ बटणावरील हॉवरचा पर्याय आहे, त्याची खूण काढावी. आणि क्लिक न करताच एका खिडकीतून दुसरीत उडी बसत असेल, तर कंट्रोल पॅनलमधील ‘ईझ ऑफ अ‍ॅक्सेस सेंटर’मध्ये माउसच्या पानावर कर्सर नेताच खिडकी सक्रिय करण्याचा पर्याय कुणीतरी सुरू केलेला असण्याची शक्यता आहे.

हॉवरचा वेळ वाढवण्यासाठी रजिस्ट्रीत बदल करण्याचा सल्लाही दिला जातो. मूळ वेळ ४०० मिलिसेकंद असतो. पण तो बदल सगळ्याच फलकांना लागू होत नाही आणि रजिस्ट्रीतील चूक महागात पडते. त्या वाटेला न गेलेले बरे.

अर्जातील माहितीच बदलली तर?

फलक निदान डोळ्यांना दिसतो. माउसच्या चाकाची चूक दिसत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये आणि वेब अर्जांत यादीतून पर्याय निवडल्यावर ती चौकट निवडलेलीच राहते, आणि पान खाली सरकवायला चाक फिरवले की पान जागेवर राहून पर्याय बदलतो. तालुक्यांची यादी इंग्रजी वर्णक्रमाने असेल, तर शहाद्यानंतर तळोदा येतो. चाक एक घर पुढे गेले की शहाद्याचा अर्जदार तळोद्याचा होतो. अर्ज परत आला, तर अर्जदाराला पुन्हा भाडे खर्चून केंद्रावर यावे लागते. पर्याय निवडल्यावर आधी टॅब दाबावे किंवा कोऱ्या जागेवर क्लिक करावे, मगच चाक फिरवावे. अर्ज पाठवण्यापूर्वी यादीतून निवडलेल्या नोंदी अर्जदाराला वाचून दाखवाव्यात.

याखेरीज मागच्या खिडकीवर कर्सर असताना तीच सरकत असेल, तर सेटिंग्जमधील माउसच्या पानावर ‘स्क्रोल इनअ‍ॅक्टिव्ह विंडोज’ बंद करावे.

संकेतस्थळावरील मेन्यूचे काय?

ते वापरकर्त्याला बंद करता येत नाहीत. एस्केपचे बटण दाबून पाहावे, कर्सर पानाच्या कडेला ठेवून टॅबने पुढे जावे. खरी जबाबदारी संकेतस्थळ बनवणाऱ्यांची आहे. जून २०१८च्या ‘डब्ल्यूसीएजी २.१’ या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार हॉवरने उघडणारा मजकूर कर्सर न हलवता बंद करता आला पाहिजे आणि वाचत असताना आपोआप नाहीसा होता कामा नये. केंद्र सरकारची शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वेही याच निकषांवर आधारलेली आहेत. त्यामुळे शासकीय पोर्टलवरील मेन्यू अर्ज झाकत असेल, तर पडद्याचे छायाचित्र जोडून त्या पोर्टलच्या मदत कक्षाकडे तक्रार करता येते.

काही कार्यालयांतील संगणकांवर सेटिंग्ज बदलण्याची परवानगी नसते. तिथे वरील पर्याय करड्या रंगात दिसतात, आणि बदल कार्यालयाच्या संगणक विभागाकडूनच करून घ्यावा लागतो.