हिवाळाभर पोटाशी अंडी

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन, सोनोमा आणि नापा असे तीन जिल्हे लागून आहेत. द्राक्षमळे आणि गुरांच्या कुरणांमधून तिथले ओढे वाहतात. सिंकॅरिस पॅसिफिका ही गोड्या पाण्यातली कोळंबी फक्त याच ओढ्यांत सापडते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. पूर्ण वाढली तरी जेमतेम दोन इंचांची. कॅलिफोर्निया राज्याने तिला १९८० मध्ये संकटग्रस्त ठरवलं, केंद्र सरकारने १९८८ मध्ये.

ओढ्यात उतरून शोधली तरी ती चटकन दिसत नाही. लहान कोळंब्या जवळजवळ पारदर्शक असतात. मोठ्या माद्यांना मात्र त्वचेतल्या रंगपेशींमुळे गडद तपकिरी, जांभळट रंग धारण करता येतो आणि पाठीवरून एक फिकट पट्टा जातो. कुजत आलेल्या पानांच्या थरावर अशी मादी बसली, की पान कोणतं आणि कोळंबी कोणती ते ओळखू येत नाही. तिच्या पुढच्या नांग्यांच्या टोकांना बारीक केसांचे झुपके असतात. त्यांनी ती पानांवरचा आणि मुळांवरचा सेंद्रिय गाळ झाडून घेते आणि तोंडात भरते. पडलेल्या पानांचा असा चट्टामट्टा करणारे जीव ओढ्याला हवेच असतात.

तिची वाढ बाकीच्या कवचधारी जीवांसारखीच कात टाकत होते. जुनं कवच सुटतं, मऊ अंग पाणी शोषून फुगतं आणि मग नवं कवच टणक होतं. पण वयात यायला तिला दोन उन्हाळे लागतात. तोवर मादी ३२ ते ४५ मिलिमीटर झालेली असते, नर २९ ते ३९. शरद ऋतूच्या आधी मादी शेवटची कात टाकते, आणि ती टाकताच नर शुक्राणूंची पिशवी तिच्या अंगाला चिकटवतो. त्यानंतर मादी अंडी घालते, वर्षातून एकदाच आणि साधारण ५० ते १२०.

हा आकडा किती लहान आहे ते आपल्याकडच्या कोळंबीशी ताडून पाहिलं की कळतं. बाजारात ‘स्कॅम्पी’ म्हणून येणारी गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी एका वेळी हजारोंनी, कधी लाखभर अंडी देते. सुमारे तीन आठवड्यांत ती फुटतात. मात्र त्यातून निघणाऱ्या इवल्या अळ्यांना जगायला खाडीचं मचूळ पाणी लागतं, आणि बहुतेक अळ्या वाटेतच मरतात. कॅलिफोर्नियाच्या या कोळंबीने नेमका उलटा मार्ग धरला आहे. तिचा संपूर्ण जीवनक्रम ओढ्यातच पार पडतो. अंडी पोटाखालच्या पायांना चिकटलेली राहतात, आठ-नऊ महिने. मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला पिल्लू सुटतं तेव्हा ते सुमारे ६ मिलिमीटरचं असतं.

अडचण या आठ-नऊ महिन्यांत आहे. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळ्यात संथ डोहांत विसावलेले ओढे डिसेंबर-जानेवारीत दुथडी भरून धावतात, आणि नेमकी तेव्हा मादी गाभोळी घेऊन फिरत असते. प्रवाहाविरुद्ध पोहून टिकण्याइतकी ती ताकदवान नाही. तिचा आधार एकच: पाण्याने आतून पोखरलेला काठ आणि त्या कपारीत लोंबणारी वाळुंजाची, आल्डरची मुळं. त्या जाळीत शिरून ती पूर काढते. तरीही कित्येक माद्या हिवाळा पार करू शकत नाहीत आणि त्यांच्याबरोबर अंडीही जातात.

म्हणूनच काठाला लागलेला धक्का थेट तिच्या प्रजननाला बसतो. गुरांच्या खुरांनी काठ ढासळतो, झाडं तोडली की मुळं सुकतात, रेती-खडी उपसली की डोह भरतात किंवा सरकतात. शेतीसाठी पाणी खेचलं की उन्हाळ्यात उरलेसुरले डोहही आटतात. त्यात भर म्हणून बाहेरून आणून सोडलेले सनफिशसारखे मासे तिला गिळतात. आणि समुद्रमार्गे पसरणाऱ्या अळ्याच नसल्यामुळे एखादा ओढा रिकामा झाला, तर शेजारच्या खोऱ्यातून तिथे आपसूक कोळंबी येत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. तिची एकमेव सख्खी बहीण म्हणावी अशी सिंकॅरिस पासाडेनी लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या नद्यांत होती. १९३०च्या दशकानंतर ती कुणालाही सापडलेली नाही. शहर नद्यांच्या काठांवर चढलं आणि ती प्रजाती संपली. सिंकॅरिस या वंशात आता एकच प्रजाती उरली आहे.

तिच्यासाठी सर्वांत उपयोगी काम चौथीच्या मुलांनी सुरू केलं, असं म्हटलं तर ते फारसं चूक ठरणार नाही. सॅन अँसेल्मो गावच्या ब्रुकसाइड शाळेत लॉरेट रॉजर्स या शिक्षिकेच्या वर्गाने १९९२ मध्ये ही कोळंबी वाचवायची ठरवलं. मुलांनी तिचा अभ्यास केला, गुरं पाळणाऱ्यांशी बोलणी केली आणि स्टेंपल क्रीक या ओढ्याच्या काठी वाळुंज लावली. वाळुंजाचं लाकूडही रुजतं, ओल्या मातीत फांदी खोचली की मुळं फुटतात. गुरं काठापासून दूर ठेवायला कुंपण घातलं गेलं. जमीन खासगी असल्यामुळे गुरंवाल्यांच्या संमतीशिवाय यातलं काहीच झालं नसतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. टाक्यांमध्ये पिल्लं वाढवून सोडण्याच्या कल्पना येतात तेव्हा आधी विचारावं, त्यांना पहिला हिवाळा काढायला काठ आहे का?

त्या वर्गातून उभा राहिलेला उपक्रम आज पॉइंट ब्लू ही संशोधन संस्था चालवते. परिसरातल्या शाळांची मुलं पावसाळ्यात, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, ओढ्यांच्या काठी झाडं लावायला येतात.