मॉर्फिन मिळत का नाही?

अमेरिकेत ओपिऑइडचं, म्हणजे अफूच्या जातीतल्या वेदनाशामकांचं संकट सुरू झालं ते डॉक्टरांनी गोळ्या सढळ हाताने लिहून दिल्यामुळे. आपल्याकडे आम्हाला उलटंच दिसतं. वणीचा कॅन्सरचा पेशंट शंभराहून जास्त किलोमीटरवर नागपूरला उपचार घेतो, घरी परततो. दुखणं असह्य झालं की मॉर्फिन लागतं, आणि ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहजासहजी मिळत नाही.

याचं मूळ 1985 च्या एनडीपीएस कायद्यात आहे. रोख होता तस्करांवर. तेव्हा बहुतेक गुन्ह्यांना किमान 10 वर्षं सक्तमजुरी होती. पण मॉर्फिनसाठी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे झाले. दवाखान्याला चार-पाच परवाने लागायचे, आणि सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत! बऱ्याच जणांनी औषध ठेवणंच सोडलं. गंमत बघा, अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानात, सरकारी परवान्याने पिकते.

2014 मध्ये संसदेने दुरुस्ती केली. औषधी वापरासाठी उपलब्धता राखणं हेही कलम 4 मध्ये आलं. पुढे मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन धरून सहा औषधांना देशभर एकच नियम लागला. राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. 2018 मध्ये ट्रामाडॉल मात्र गैरवापरामुळे याच कायद्याखाली आणलं. आम्हाला दोन्ही निर्णय पटतात. अडतं ते पुढे. मान्यतेसाठी दवाखान्यानेच अर्ज करावा लागतो, आणि प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर तिथे असावा लागतो. तुमच्या गावच्या दवाखान्याने तो अर्ज केलाय का, एवढं जाऊन विचारा.